मधूच्या खोलीतून जाणारी रेंज

रवि., २१ सप्टें.
टक्. टक्टक्. फळीवर मधूचं बोट. मग पलीकडून त्याचं एक कडवं, इकडून माझं एक. लहानपणी परवचा संपली की हा आमचा खेळ. चाळीतल्या दोन खोल्यांमधली भिंत फळ्यांची, आवाज आरपार. आज दिवसभर तेच कानात. कारण इरा.

आमच्या निखिलची मुलगी इरा, वय आठ, मु. टोरांटो. दिवाळीच्या कार्यक्रमात मराठी कविता म्हणायची आहे, म्हणून आमच्या गुरुजींची गलबताची कविता शिकवतोय. त्यांनी स्वतः रचलेली, छापली कधीच नाही. दर रविवारी एक कडवं. आज:

खिडकीखाली गलबत आले, शीड तयाचे पिवळे,
उतरुन येती—

इथं इरा तोंड उघडं ठेवून गोठली. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. मग गेलीच.

कु., म्हणजे आमची ही, पलंगावरून : "अहो, तुमचं गलबत पोचेपर्यंत पोरीचं लग्न होईल."

हसली, पण मान भिंतीकडे वळवली. मांडीचं हाड मोडल्यापासून तिचा सबंध आठवडा म्हणजे हा एक कॉल.

सोम., २२
निखिलचा फोन. "बाबा, आधी राउटर बंद करून चालू करा. मग आईजवळचा नोड." केलं. नोडचा दिवा तांबडा तो तांबडाच.

राउटर जिन्याकडच्या खोलीत, नोड कु.च्या. मधे मधूची बंद खोली. वडिलांना दुसरी खोली मिळाली तीच एक सोडून पलीकडची. गॅलरीतून तार ओढली होती, ती उंदरांनी खाल्ली. मोबाइलची रेंज त्या टोकाला कधी नव्हतीच. म्हणून मे महिन्यात निखिल हे मेश वायफाय लावून गेला. एक डबा हाक मारतो, दुसरा ओ देतो. ऐकूनच आवडलं होतं मला. मी आणि मधू!

"आईलाच राउटरपाशी आणता येईल का?" तिला उचलून, गॅलरीतून, दर रविवारी? त्याचं त्यालाच कळलं.

गुरु., २५
नोड खिडकीत. नोड कपाटावर. नोड कु.च्या उशाशी स्टुलावर. मांडणीतली पातेली खाली उतरवली. नोडवरचा क्रोशाचा रुमालही काढला, तापतो म्हणे. कु. : "रेडिओवर हाच रुमाल होता. रेडिओ बंद पडला का कधी?"

केबलवाल्यांचा माणूस येऊन गेला. राउटरपाशी स्पीड उत्तम. "लाइन ओके आहे काका. पुढचं तुमच्या घरातलं."

रवि., २८
इरा मागची कडवी पाठ करून आली होती. तिचं मला ऐकू येत होतं, माझं तिला नाही. शेवटी म्हणाली, "डॅडी, आजोबा स्टक झाले."

झालोय खरा. शेवटचं कडवं आठवत नाही. ते कायम मधूच्या वाट्याचं. गलबत परत निघतं, काठावर कुणीतरी... पुढे कोरं. मधूचा नंबर लावला. अस्तित्वात नाही म्हणे. मुलीकडे नाशिकला गेला तेव्हा चावी आमच्या खुंटीला अडकवून गेला. "अधूनमधून खोली उघड रे, कुबट वास येतो." एवढंच बोलला. मीही हो एवढंच.

मंगळ., ३०
मोबाइलवर वायफाय बघत राउटरपासून गॅलरीतून चालत गेलो. मधूचं दार ओलांडलं की काड्या एकदम खाली. निखिल : "पण बाबा, हे कधीपासून?"

"गणपतीनंतर."

कु. डोळे मिटूनच : "विसर्जनानंतर माझ्या डोक्यामागे पत्रे घासत होते. कुठे ठेवलेत हो मंडळाचे?"

अरे देवा. मीच चावी दिली होती. मंडपाचे पत्रे, महाप्रसादाचे टोप. मंडळाचा चिटणीस, सावंत, म्हणाला होता, "मधूकाकांची खोली म्हणजे आपलीच की!" चाळीत बंद खोली सगळ्यांचीच असते. मीही मान डोलावली. आणि नेमके कु.च्या भिंतीला लावून ओळीने उभे केलेत.

बुध., १ ऑक्टो.
सावंत आणि दोघं आले. पत्रे, टोप जिन्याखाली.

"एवढी उचलाठेव, वायफायसाठी?"
"नातीसाठी."
"मग ठीक. नाहीतर म्हटलं, काका म्हातारपणी मॅच बघायला लागले की काय."

ते गेल्यावर थांबलो. फळीतली गाठ निखळून पडलेलं भोक अजून तिथेच. पूर्वी टाचा उंचावून तोंड न्यावं लागे, आता वाकावं लागलं. म्हटलं पहिलं कडवं, हळूच.

पलीकडून कु. : "येतंय हो ऐकू. या आता, चहा टाका."

आलो तर नोडचा दिवा पांढरा.

रवि., ५
एकदाही तुटलं नाही.

उतरुन येती चिमण्या त्यातुन, घेउन दाणे कवळे.

"आजोबा, कवळे म्हणजे?" कु.नेच सांगितलं, "कोवळे गं, तुझ्यासारखे." मग पदर डोळ्यांना.

"शेवटचं राहिलं ना?" इरा. पुढच्या रविवारी, म्हटलं. रेंज आहे, कडवं नाही. निखिल म्हणतो, तुम्हीच रचा, कुणाला कळणार? बसलो रचायला. यमक जुळलं, गलबत जागचं हललं नाही. मधू असता तर...

रवि., १२
येत्या शनिवारी तिचा कार्यक्रम. आज सगळं न अडखळता म्हणाली. थांबली. "आजोबा, पुढे?"

दार वाजलं.

चाळिशीची बाई, हातात पिशवी. ओळख पटेना. "काका, मी मृणाल. तुमच्या मधूची मुलगी. चावी हवी होती." तिच्या मागे बघितलं, कुणी नाही. "बाबा खाली टॅक्सीत आहेत. हल्ली माणसं ओळखत नाहीत हो. बोलतही नाहीत. इथे आणलं तर काही... म्हणून आणलं. चाळ दिसल्यापासून टॅक्सीच्या काचेवर बोट वाजवतायत."

"कसं?"

तिने चौकटीवर वाजवून दाखवलं. एकदा. मग लागोपाठ दोनदा.

आतून इरा : "आजोबा, स्टक झालात?"

"फोन ठेवू नको गं," एवढं ओरडून सांगितलं, आणि चपला न घालताच जिना उतरायला लागलो.