वर सरकणारं दार

मूल (जि. चंद्रपूर),
३ फेब्रुवारी २०२५

आई,

पाया पडते. गुडघा कसा आहे? दसरू भाऊजी तेल आणून देतात की आठवण करावी लागते? इकडे मी बरी आहे, मासळीची गाडी बरी आहे, तलावाला पाणी टिकून आहे आणि यंदा मासळी चांगली निघते आहे. चंद्रपूरच्या बाजारात माझी पेटी दुपारच्या आत रिकामी होते.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही. मग मला ओरडावं लागतं, आणि आपल्या गल्लीत ओरडून सांगितलेलं सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून पत्र. चष्मा लावून तुमचं तुम्हीच वाचा, रिंकूला वाचायला देऊ नका. पोरगी आहे, सगळ्या घराला वाचून दाखवेल. तसं विशेष काही नाही. दाराबद्दलच लिहायचं आहे.

गाडीच्या शेडला ते टिनाचं फाटक होतं ना, तुम्ही दगड लावून बंद करायच्या ते? दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी गाडी काढायला गेले तर ताडपत्रीवर काहीतरी पिवळं बसलेलं. मला वाटलं शेजारच्या झिंगूबाईंचं कुत्रं. मी "हाड" म्हटलं. त्यानं मान वळवली, आणि आई, तो बिबट होता! माझ्याइतकाच तोही दचकला असावा. मी घरात पळाले, तो भिंतीवरून मागच्या धानाच्या बांधीत. मासळीच्या वासानं आला असणार. वनखात्याची माणसं येऊन ठसे पाहून गेली. म्हणाली, बाई, हे फाटक काढा आणि मजबूत दार बसवा.

आता कोणतं दार? शटर बसवावं तर शेडची वरची बीम ठेंगणी. शटरची गुंडाळी आली की गाडीचा टप अडकतो. दोन पल्ले बाहेर उघडले तर नालीवर आणि रस्त्यावर. तेव्हा निकेशनं हे नवीन दार सुचवलं. निकेश म्हणजे राईस मिलजवळ ज्याचं वेल्डिंगचं दुकान आहे तो. गाडीचा मागचा फाळका त्यानंच जोडून दिला होता. तुम्ही त्याला एकदा पाहिलंय. उंच आहे, कमी बोलतो, बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलं. असो.

हे दार आडव्या पट्ट्यांचं असतं. पट्ट्या एकमेकींना बिजागऱ्यांनी जोडलेल्या आणि दोन्ही बाजूंना चाकं, ती रुळांत चालतात. वर ढकललं की एकेक पट्टी वळत जाते आणि सगळं दार छताखाली जाऊन आडवं पडून राहतं. रस्त्यावर काही येत नाही, वर गुंडाळी नाही. एवढं लोखंड बाईमाणसाला उचलेल कसं, असं तुम्ही म्हणाल. दाराच्या वर एका दांड्यावर मोठी स्प्रिंग असते. ती पिळून ठेवतात, मग दाराचं वजन तीच पेलते.

नागपूरहून माल आला, पण बसवणारा माणूस काही आला नाही. उद्या येतो, परवा येतो म्हणता म्हणता संक्रांत गेली. शेडला दार नाही, मागे बांध्या, आणि मी रोज पहाटे काठी आपटत गाडीपर्यंत जायची. शेवटी निकेश म्हणाला, "आपनच बसवू जी. पुस्तक हाय ना सोबत?"

पुस्तक होतं, हिंदीत. मी वाचायचं, त्यानं करायचं, आणि धरायला दोघं. सगळ्यात खालची पट्टी आधी बसवायची. ती जर का लेव्हलमध्ये नसली, तर वरच्या सगळ्या वाकड्या. आपली फरशी उतरती निघाली, आई! इतकी वर्षं आपण त्यावर चाललो, कुणाला कळलं नाही. त्यानं पट्टी बसवली, मी लेव्हल ठेवून पाहिली तर पाण्यातला बुडबुडा एका बाजूला. मी भीत भीत सांगितलं. तो "बरं झालं पाह्यलं" म्हणाला आणि सगळं खोलून पुन्हा बसवलं. तोंड वाकडं नाही, काही नाही. दुपारी मी त्याला जेवायला घातलं. रश्श्याला आमच्या आईंच्या हातची चव नाही, हे आधीच सांगून ठेवलं. त्यानं तरी तीनदा भात घेतला.

पट्ट्या झाल्या, रूळ झाले, आणि स्प्रिंग राहिली. पुस्तकात त्या पानावर लाल चौकट होती. स्प्रिंगमध्ये फार ताण असतो, सुटली तर हात जाईल, जीवसुद्धा जाईल. शिकलेल्या माणसाशिवाय कोणी पिळू नये. पिळायला मापाच्या सळया लागतात, पेचकस, स्क्रूड्रायव्हर असलं काही घालू नये. मी त्याला हे वाचून दाखवणारच होते, पण म्हटलं आधी चहा ठेवावा. चहा घेऊन बाहेर आले तर निकेश शिडीवर, हातात लांब पेचकस, टोक स्प्रिंगच्या भोकात.

"काय करून राह्यले तुमी?"

"चार आटे देतो जी. शटरच्या स्प्रिंगा किती बसवल्या मी. काई नाई होत."

काई नाई होत.

आई, एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. त्या दिवशी विहिरीवर तुमचा अजय मोटारीची वायर जोडत होता, तेव्हा मी तिथं होते एवढंच तुम्हाला माहीत आहे. मी त्यांना म्हटलं होतं, मेन स्विच बंद करून येते, थांबा. ते हसले. "काई नाई होत वं," म्हणाले, आणि वायरीला हात घातला. पोराच्या चुकीनं पोरगा गेला, असं तुमच्या मनात येऊ नये म्हणून मी गप्प राहिले. आज लिहिलं गेलं. रागावू नका.

तर निकेशच्या तोंडून तेच शब्द आले आणि मी ओरडले. कपबशी हातातून पडली. "थांबा! खाली उतरा! आत्ताच्या आत्ता उतरा!" झिंगूबाई भिंतीपलीकडून धावत आल्या, इतक्या मोठ्यानं ओरडले. मला वाटलं, आता हा हसेल.

तो हसला नाही. त्यानं पेचकस हळूच बाहेर काढला, शिडी उतरला, पेचकस जमिनीवर ठेवला आणि म्हणाला, "उतरलो. तुमी म्हनत नाई तोवर हात नाई लावत."

मी ओट्यावर बसून रडले. झिंगूबाईंनी मला पाणी दिलं आणि त्याच्यावर धावल्या, "काऊन रे, काय केलं पोरीले?"

"काई नाई केलं, मावशी," तो म्हणाला, "करनार होतो."

रडता रडता मला हसू आलं, आई. खूप दिवसांनी असं पोटातून आलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानाला कुलूप. त्याच्या पुढच्या दिवशीही. मला वाटलं, चारचौघांत ओरडले म्हणून राग आला असेल. मी गाडी घेऊन त्या रस्त्यानं एकदोनदा गेले. काम होतं त्या बाजूला.

मग एका सकाळी दारात फटफटी थांबली. पुढे निकेश, मागे एक गोल माणूस, त्याच्या मांडीवर दोन जाड सळया फडक्यात गुंडाळलेल्या. तो पिंटू. वरोऱ्याला राहतो, अशी दारं बसवणं हेच त्याचं काम. निकेश त्याच्याकडे जाऊन राहिला होता. त्याच्याबरोबर फिरून दुसऱ्या एका घरी स्प्रिंग कशी पिळतात ते नीट पाहून आला, आणि आपल्या दारासाठी त्यालाच घेऊन आला. मला म्हणाला, "तुमी भ्यायले होते. मंग मले वाटलं, जाननारा मानूस असला पायजे."

पिंटूचं तोंड एक क्षण बंद नसतं, पण स्प्रिंगजवळ गेला की एकदम गप्प. आधी त्यानं दार खाली पक्कं अडकवलं, दोन्ही रुळांना चाकांच्या वर क्लॅम्प लावले, म्हणजे पिळताना दार उसळायचं नाही. स्प्रिंगवर खडूची रेघ ओढली, किती आटे बसले ते दिसायला. दोघांनी डोळ्यांना चष्मे लावले. स्प्रिंगच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. एक सळई काढायच्या आधी दुसरी भोकात पूर्ण आत गेलेली असायची. मला आणि झिंगूबाईंना त्यानं रस्त्यापलीकडे उभं केलं आणि गल्लीतल्या पोरांना घरात पिटाळलं. झिंगूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पाव आटा, पाव आटा करत स्प्रिंग भरली, बोल्ट आवळले, सळया निघाल्या, क्लॅम्प निघाले. कुणाला साधं खरचटलंही नाही.

मग पिंटू घाम पुसत मला म्हणाला, "या वहिनी, आता तुमीच उचला. घरच्या लक्ष्मीचा हात पयला लागला पायजे."

वहिनी.

झिंगूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. निकेशचे कान लाल झाले. हातातला क्लॅम्प तो पुसत बसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. मला एवढंच म्हणायचं होतं की भाऊ, मी वहिनी नाही. किती सोपं वाक्य. मी पुढे गेले, दाराला हात लावला आणि उचललं.

आई, ते गेलं! एका हातानं! मी नुसतं वर सरकवलं आणि पट्टीमागून पट्टी वळत सगळं दार छताखाली. आवाज म्हणाल तर चाकांचा, तोही बारीक. पिंटू म्हणाला, आता खाली आणताना मधेच सोडा. मी भीत भीत सोडलं, तर ते जिथल्या तिथं थांबलं. वर नाही, खाली नाही. "म्हंजे स्प्रिंग बरोबर भरली," तो म्हणाला. मग गल्लीतली एकेक बाई येऊन उचलून पाहू लागली. झिंगूबाईंनी तर इतक्यांदा उघडझाप केली की पिंटू म्हणाला, "मावशी, तिकीट लावू का आता?" मी सगळ्यांसाठी पोहे केले. शेडमध्येच पंगत बसली. मला वाटतं, अजय गेल्यापासून आपल्या घरी एवढी माणसं हसायला आली नव्हती.

आता राहिलेलं लिहिते.

दोन दिवसांनी निकेश बिजागऱ्यांना तेल द्यायला आला. सगळं तेल देऊन झालं तरी जाईना. मग दाराकडे पाहतच म्हणाला, "तो पिंटू तुमाले वहिनी म्हने. मी त्याले फोन करून सांगू का, चूक झाली तुही म्हनून?"

मी म्हटलं, "नका सांगू."

एवढंच झालं. पण झिंगूबाईंनी पिंटूचं 'वहिनी' ऐकलंय, आणि त्या पुढच्या आठवड्यात तुमच्या चामोर्शीच्या बाजाराला येणार आहेत. त्यांच्या तोंडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

मला निकेशशी लग्न करायचं आहे, आई. हे लिहायची भीती नाही. भीती वेगळीच आहे. मला माझे आईबाप आठवतही नाहीत, मामानं लग्न लावून मोकळं केलं. अजय गेल्यावर सगळे म्हणाले गाडी विका. तुम्ही म्हणालात, "माही सून चालवन." आणि पहिल्या दिवशी माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसलात, डोळे गच्च मिटून. उद्या मी दुसऱ्याच्या घरची झाले, तर चामोर्शीला तुमच्या दारात कोण म्हणून येऊ? तुम्हाला हाक काय मारू? हेच मला सुटत नाही.

तुमचं उत्तर येईपर्यंत मी त्याला पुढे काही बोलले नाही आणि बोलणार नाही. थंडीत पाय उघडे ठेवू नका.

अजून तरी तुमची सून,
मंजुषा

*

चामोर्शी,
१२ फेब्रुवारी

मंजुषे,

तुह्यं पत्र भेटलं. मीच वाचलं, रिंकूले नाई दिलं. माह्या अक्षराले हासू नको, सातवीनंतर एवढं मोठं पयल्यांदाच लिवून राह्यली.

निकेशचं लिवता लिवता तू 'असो' म्हटलं तिथीच मी समजली. मी का येडी हाव? तीनदा भात घेतला हे कोनी वेल्डिंगवाल्याबद्दल लिवते का?

अजयचं वाचलं आन पत्र ठेवून देल्लं. चुलीजवळ जाऊन बसली. तू त्याले थांब म्हटलं होतं हे मले मालूम नोतं. इतके वर्स एकटीनं काऊन ठेवलं तू हे? माह्यं पोरगं लहानपनापासून तसंच, पान्यात उडी घे म्हटलं की आधी घे, मंग खोल पाह्य. मी त्याच्यावर रागावली नाई, आन तुह्यावर तर नाईच नाई. रडली थोडी. मंग चष्मा पुसून पुढचं वाचलं.

थो शिडीवरून उतरला हे वाचलं तवा मी मोठ्यानं म्हटलं, "उतरला!" दसरू धावत आला, काय झालं माय म्हने. त्याले सगळं सांगतलं. थो म्हने, चांगला मानूस दिसते. मले त्या पोराचं तेवढंच पुरते. बाकी मी येऊन पाह्यन. ते दार बी उचलून पाह्यन.

झिंगी बाजारात भेटली. मी तिले बोलूच नाई देल्लं. मीच म्हटलं, "मालूम हाय, लग्न हाय." तिचं तोंड पाह्याले तू पायजे होती.

आता तुह्या इचारल्याचं. लग्न मूलले नाई होनार. मूलले नवरदेवाचं दुकान, तिथून थो निंघन. नवरी आपल्या घरून निंघते, म्हनून तू गाडी घेऊन आधी इथी येजो. मांडव दसरू टाकनार हाय, तांदूळ या वर्साचा ठेवलाच हाय. निकेशले सांगजो, वऱ्हाड घेऊन चामोर्शीले ये आन वाजवत ये, मले ऐकू आलं पायजे. नवरीले हयद मी लावनार. बिनकुंकवाच्या बाईनं हयद लावू नोये असं कोनी म्हटलं, त्याले मी पंगतीतून उठवन, मंग थो कोनी का असेना.

पाठवनीच्या टायमाले मी रडन. तू थांबू नको, गाडीत बसजो.

वाट पाह्यते.

नवरीची माय,
गुणाबाई