फोटो काढा, बाबा

३ मार्च, सोमवार

दवाखान्यात कॉफीचं मशीन आलं! धाकट्या डॉक्टरांनी आणलं. बटण दाबलं की घुर्र घुर्र करतं आणि कपात जे पडतं ते थेट माझ्या दातांच्या साच्यांच्या प्लॅस्टरच्या वाडग्यातलं धुवण. इतकी वर्षं काउंटरवरच्या बाई दूध उकळून कॉफी करायच्या. आता शेगडी उचलून माळ्यावर टाकली. "काका, यात हात लागत नाही कुणाचा." अहो, हात लागत नाही म्हणूनच तर चव नाही!

अर्धी प्यायलो, अर्धी बेसिनला पाजली.

आज दोन कवळ्या पुऱ्या झाल्या. एका आजोबांना पांढरेशुभ्र दात हवेत, सिनेमातल्यासारखे. समजावलं – या वयात जरा पिवळट रंगच खरा वाटतो. ऐकेनात. द्या म्हटलं. हसू त्यांचं, मी कोण!

९ मार्च, रविवार

लेक आली होती, टिल्लीला घेऊन. पाच महिन्यांची झाली. मांडीवर बसवलं तर माझा कामाचा भिंगाचा चष्मा ओढून घेतला. मी तिच्या नाकावर ठेवला. घसरला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला – आणि अशी खिदळली की माझ्या शर्टावर लाळेचा पाट. लेक आत आईशी, म्हणजे हिच्याशी, बोलत होती. मी पटकन फोटो काढला.

इतका चांगला फोटो माझ्या हातून आयुष्यात निघाला नव्हता. नाहीतर माझ्या फोटोंत माणसांची कपाळं कापलेली असतात, असं ही म्हणते.

१० मार्च, सोमवार

काउंटरवरच्या बाईंनी शिकवलं आणि मी टिल्लीचा फोटो टाकला – सगळ्या जगाला दिसेल असा. खाली लिहिलं, "माझी नवी मदतनीस. पगार ठरायचाय." दुपारपर्यंत एकशे दहा जणांना आवडला! शाळेतला एक बाकमित्र, ज्याचा पत्ता चाळीस वर्षं नव्हता, त्याने लिहिलं – नाक तुझ्यावर गेलंय रे.

कामात लक्ष नव्हतं. दर दहा मिनिटांनी हात पुसून फोन बघत होतो. एक दाढ उलटी बसवली.

११ मार्च, मंगळवार

दोनशे चौदा.

संध्याकाळी लेकीचा फोन. ना "कसे आहात" ना काही. "बाबा, फोटो काढा."

मी म्हणालो, "काढला ना! म्हणून तर टाकला."

"बाबा, चेष्टा नको. काढून टाका तो तिथून. आत्ता. टिल्लीचा फोटो कुठेही टाकायचा नाही असं मी बजावून सांगितलं होतं की नाही?"

सांगितलं असेल. बाळंतपणात शंभर गोष्टी सांगितल्या जातात. मी म्हटलं, "अगं, सगळे कौतुक करताहेत. कुणी वाकडं बोललं का?" तर म्हणाली, "प्रश्न तो नाहीच." मग मला राग आला. म्हणालो, "बाळ काय एकट्या तुझंच आहे?"

तिने फोन ठेवला.

ही समोरच होती. पोळ्यांचा डबा जरा जोरातच बंद केला तिने.

१३ मार्च, गुरुवार

काढला नाही फोटो. का म्हणून काढू? मी काय चोरी केली? आजोबाने नातीचा फोटो लावला, एवढंच ना!

वरच्या मजल्यावरचे खुर्च्या ओढतात. रोज. सकाळी साडेसहाला. त्यांच्या घरात खुर्च्या तरी किती आहेत!

मशीनच्या कॉफीत आज तळाशी चोथा. बोललो तर डॉक्टर म्हणतात, "काका, तुम्ही कप तिरका धरता." तिरका!

लेकीचा फोन नाही. रोज रात्री आठला येतो. आठ वाजले, साडेआठ वाजले. हिने विचारलं, "फोन बिघडलाय का तुमचा, सारखा बघताय ते?" तिला सगळं समजतं, तरी विचारते.

१५ मार्च, शनिवार

आज हिने मला बसवलं. टीव्ही बंद केला, समोर खुर्ची ओढली.

"तुम्हाला पहिल्या वेळचं आठवतं का?" म्हणाली.

आठवतं. का नाही आठवणार? तीन वर्षं झाली. पाचव्या महिन्यात पोटातच गेलं ते बाळ. मी इस्पितळाच्या व्हरांड्यात जावयाच्या शेजारी बसून होतो. तेवढं मला माहीत आहे. पुढचं मला माहीत नव्हतं.

लेकीने तेव्हा आनंदाच्या भरात एक फोटो टाकला होता – पलंगावर ठेवलेले दोन छोटे मोजे. चारशे लोकांनी बघितला. आणि सगळं संपल्यावर महिनोन् महिने तेच लोक विचारत राहिले. कितवा महिना? मुलगा की मुलगी? बारसं कधी, आम्हाला विसरू नका हं! भली माणसं. कुणाच्या मनात काही वाईट नाही. आणि तिने एकेकाला उत्तर दिलं. एकेकाला! रात्री नवरा झोपल्यावर न्हाणीघरात बसून, अंगावर टॉवेल घेऊन. "नाही राहिलं." तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा. शेवटी एका बाईंचा निरोप आला – मोजे कुठून घेतलेत?

"तुला कधी सांगितलं हे?"

"तेव्हाच."

"आणि मला?"

"तिने नको म्हटलं होतं. बाबांना कळलं तर ते कामावर जाऊन रडतील, म्हणाली."

मी उठलो. फोटो काढायला गेलो, तर निघेना! तीन ठिपके, मग आणखी तीन ठिपके, मग खात्री आहे का, मग नक्की खात्री आहे का. आहे रे बाबा, आहे! चष्म्यावर वाफ धरली होती. हिला हाक मारली नाही. अर्धा तास लागला, पण माझ्या हाताने काढला.

लेकीला लिहिलं – काढला. चुकलो.

तिचं उत्तर – ठीक.

"ठीक" हा शब्द इतका छोटा असतो, आज कळलं.

१७ मार्च, सोमवार

कसं लिहू?

सकाळी दवाखान्यात शिरलो. बाहेर पेशंट बसतात तिथे भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर दवाखान्याच्या जाहिराती फिरत असतात. आणि त्या पडद्यावर – टिल्ली! माझा चष्मा घातलेली, भिंतीएवढी. खाली लिहिलेलं – "आजोबांचे हात, नातीचं हसू. पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास."

बाकावर एक बाई गाल धरून बसल्या होत्या. त्या वर बघून हसत होत्या.

काउंटरवरच्या बाईंना विचारलं. त्या खाली बघत म्हणाल्या, "काका, डॉक्टरांनी तुमच्याच पानावरून घेतला. आपल्या सगळ्या जाहिरातींवर गेलाय शुक्रवारपासून, पडद्यावर आज लावला. मला वाटलं तुम्हाला विचारलंय."

सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेलो. "डॉक्टर, तो फोटो काढा."

ते खुशीत! "काका, अहो काय प्रतिसाद आहे! लोक फोन करून विचारताहेत, कुणाचं बाळ म्हणून. सगळे कौतुकच करताहेत. कुणी वाकडं बोललं का?"

माझेच शब्द. जसेच्या तसे. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना काय वाटतं म्हणून सांगू!

मी म्हणालो, "तिच्या आईची परवानगी नाही." तर म्हणतात, "तिची समजूत काढा ना, तुमचीच मुलगी आहे. पुढच्या आठवड्यात बघू." आणि हातमोजे चढवायला लागले. बाहेर पेशंट थांबलेले.

मागच्या खोलीत आलो. मेण तापत ठेवलं. तापलं, गार झालं, पुन्हा तापवलं. तेहतीस वर्षं या खोलीत लोक येतात, दात काढून माझ्या तळहातावर ठेवतात. मोठमोठी माणसं. दात काढले की चेहरा आत बसतो, माणूस एकदम म्हातारा दिसतो, नाहीतर एकदम लहान. मी दार लावून घेतो. कुणी सांगायला लागत नाही. आणि नातीच्या वेळेला मीच दार सताड उघडं टाकलं!

१८ मार्च, मंगळवार

पेशंट यायच्या आधी गेलो. उभाच राहिलो.

म्हणालो, "डॉक्टर, तुमच्या आईंची कवळी मी केली. तुम्ही तेव्हा शिकायला गेला होतात. त्या मागच्या दाराने आल्या होत्या, तोंडाला पदर लावून. मापाआधीचा एक फोटो आहे माझ्या कपाटात. फार छान आलाय. लावायचा का पडद्यावर?"

त्यांचा चेहरा पडला. कान लाल झाले. मग म्हणाले, "काका, बसा."

मी बसलो नाही.

माझ्यासमोर लॅपटॉप उघडला, आणि एकेक जाहिरात काढली. पडद्यावरची, पानावरची, छापायला गेलेली थांबवली. वीसेक मिनिटं लागली. मग हळूच म्हणाले, "आईचा तो फोटो..."

"नाहीये," म्हटलं. "काढलाच नव्हता. त्या नको म्हणाल्या होत्या."

 डॉक्टर उठले, मशीनची कॉफी स्वतः आणून दिली. भयंकर होती. पूर्ण प्यायलो.

२३ मार्च, रविवार

लेकीकडे जाऊन सगळं सांगितलं. जाहिरातीचंही. न सांगून चाललं असतं – तिला कळलंही नसतं. ही म्हणाली होती, "उगाच कशाला?" पण सांगितलं.

लेक टिल्लीचे कपडे घडी घालत होती. घालतच राहिली. मी म्हणालो, "न्हाणीघरातलं मला माहीत नव्हतं गं."

"आईने सांगितलं?"

"हो."

"म्हणजे रडलात ना कामावर?"

"नाही. घरीच."

तेव्हा हसली. हसता हसता डोळे भरले तिचे. म्हणाली, "बाबा, मला भीती फोटोची नाही वाटत. तिचं जे काही असेल ते आधी मला कळावं, मग लोकांना. माझ्या हातून. एवढंच हवंय मला. त्या वेळेला सगळं सगळ्यांचंच झालं होतं. रडायचं तेवढं माझं उरलं."

मी नुसतीच मान हलवली. एक झबलं घेतलं, घडी घातली. चुकीची घातली. तिने उलगडून पुन्हा घातली, आणि पुढचं माझ्याकडे सरकवलं.

निघताना जावई म्हणाले, पुढच्या महिन्यापासून लेकीचं ऑफिस सुरू होतंय, टिल्लीला दिवसभर कुठे ठेवायचं याची चौकशी चाललीय. लेक दाराकडे बघत म्हणाली, "चौकशी कशाला? आजी-आजोबा आहेत की."

जिन्यात हिचा हात धरला. "चढताना धरा, उतरताना काय धरताय," म्हणाली. सोडवला मात्र नाही.

१ एप्रिल, मंगळवार

टिल्ली सकाळी नऊ ते सहा आमच्याकडे. मी अर्धा दिवस दवाखाना, दुपारपासून घरी. डॉक्टरांनी एका शब्दात हो म्हटलं.

साडेसहाला वरच्यांच्या खुर्च्या. टिल्लीला त्या आवाजाचंही हसू येईल म्हणून उद्या तिला लवकर आणायला सांगू का, असं हिला विचारलं. म्हणाली, "वेड लागलंय."

४ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर किरकिर. माझी नव्हे, टिल्लीची. खांद्यावर घेऊन घरभर फिरलो. कंबर गेली.

८ एप्रिल, मंगळवार

लिहिण्यासारखं काही नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

आता लिहायला हरकत नाही. टिल्लीला दात आला! खालचा, मधला. सोमवारी दुपारी माझं बोट चावत होती, तेव्हा लागला – तांदळाच्या कणीएवढा. दाताचा माणूस मी, मला कळणार नाही? पण गप्प बसलो. हिला नाही सांगितलं, दवाखान्यात नाही, या वहीलासुद्धा नाही. चार दिवस! आज संध्याकाळी लेक ऑफिसातून आली, तिला उचलून घेतलं, गालाला गाल लावला, आणि किंचाळली – "आई! बाबा! अहो बघा, हिला दात आला! मला सापडला!"

मी चष्मा लावून वाकून पाहिलं. म्हणालो, "अरेच्चा! खरंच की!"

नंतर स्वयंपाकघरात ही हळूच म्हणाली, "मंगळवारपासून आहे."

मी म्हणालो, "सोमवार."