कुप्यांना रथसप्तमीपर्यंत मुदत

४ जाने., रवि.
कपाट उघडलं आणि वरच्या कप्प्यातलं खोकं थेट डोक्यावर आलं. सेंटच्या सॅम्पलच्या करंगळीएवढ्या कुप्या घरभर घरंगळल्या. हे आधी हसले, मग म्हणाले, "इतकी वर्षं गोळा करतेयस. लावतेस कधी?" लावते की, एकेक थेंब. अख्खी बाटली घ्यायची ऐपत नाही आणि एकाच वासाशी संसार करायचा स्वभाव नाही, म्हणून सॅम्पल.

सासूबाई (यापुढे सा.बा.) पाथर्डीकडच्या गावाहून कायमच्या राहायला आल्यात. त्यांच्या लुगड्यांना कप्पा हवा. बरोबरच आहे. पण ह्यांनी हुकूमच सोडला: रथसप्तमीपर्यंत कपाट रिकामं, नाहीतर सगळी खोकी घंटागाडीत. बघतेच!

७ जाने., बुध.
नागापूरच्या कंपनीतून मी घरी आले तर सा.बा. फुरंगटलेल्या. एक कुपी गळून ऊदाचा धुरकट वास त्यांच्या लुगड्यात मुरलाय. "देवळात समद्या बाया वळून वळून बघत हुत्या. ह्या वयात काय म्हनतील मला?" दोनदा धुतलं, वास हटत नाही. माल अस्सल निघाला, पण ते मनातच ठेवलं.

११ जाने., रवि.
निवडणं सुरू. जुन्या लग्नपत्रिका कातरून पट्ट्या केल्या. एकेक थेंब टाकायचा, हुंगायचं. नाक थकलं की स्वतःच्याच कोपराच्या खळीत खुपसायचं, ताळ्यावर येतं. सकाळभर एकही कुपी टाकवेना. प्रत्येक पट्टी 'असू दे'च्या ढिगात.

मग युक्ती सुचली. हुंगताना जिचा चेहरा समोर येईल, कुपी तिची. लिंबू-मोगरा: ऑफिसातली मनीषा. जड, शाही गुलाब: समोरच्या शिंदेकाकू, दुसरं कोण! संध्याकाळपर्यंत एक खोकं रिकामं. संक्रांतीचं वाण ठरलं. प्लास्टिकच्या वाट्या गेल्या उडत.

१४ जाने., संक्रांत
तिळगूळ करायला गेले, दगड झाला. असो.

सा.बा.ना सांगितलं, शनिवारी हळदीकुंकू आपल्याकडे. त्या सहज बोलल्या, "मंग मी गच्चीवर बसन. बाया गेल्या की हाक मार." सासरे गेल्यापासून असंच करतात म्हणे. गावाला गोठ्यात जाऊन बसायच्या.

राग आला, त्यांच्यावर नाही. घर आमचं, वाण माझं, आणि घरातली मोठी बाई पाण्याच्या टाकीशेजारी? नाही चालायचं. काय करायचं ते अजून...

१७ जाने., शनि.
जिंकले! हात हळदीने पिवळे आहेत तोवरच लिहिते.

बाया जमल्या तशा सा.बा. जिन्याकडे निघाल्या. त्यांना गाठून कुप्यांचं ताट हातात दिलं. "आई, हळदीकुंकू मी लावते. अत्तर तुम्ही लावायचं. मला एकटीला दोन्ही उरकत नाही."

पहिल्याच शिंदेकाकू. त्यांनी हात पुढे केलाच नाही. सा.बा. ताट मागे घ्यायला लागल्या. मी म्हटलं, "काकू, तुमचा गुलाब आईंकडेच आहे हं." काकूंनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. निर्णय बहुधा नाकानेच घेतला. हात पुढे आला.

मग काय विचारता! सा.बा. सुटल्याच. "ह्यो घे, पेरवाचा. ह्यो नगं, ह्यो लई भांडकुदळ हाय, तुला न्हाई शोभायचा." बाया हसून बेजार, पुन्हा पुन्हा हात पुढे. वाण लुटणं म्हणतात ते आज खरं पाहिलं. मनीषा तर दोन्ही मनगटं हुंगतच रिक्षात बसली.

१९ जाने., सोम.
खोकी संपली. उरल्या तेवढ्या कुप्या मिसळणाच्या जुन्या डब्यात मावल्या. ह्यांना कपाट उघडून दाखवलं. आत वाकून दोनदा पाहिलं त्यांनी! फार बरं वाटलं.

लुगडी नीट लावायला घेतली तर घडीत काहीतरी टोचलं. आत कुप्या. ती गळकी ऊदाचीसुद्धा, चिंधीत गुंडाळून. सा.बा. मागून म्हणाल्या, "त्या घंटागाडीत जायच्या न्हाईत. माज्या हायेत."

"आणि देवळातल्या बाया?"

"बघंनात का!"

२५ जाने., रथसप्तमी
सकाळी घंटागाडी आली, भोंगा वाजवून गेली. आमच्याकडची एकही कुपी मिळाली नाही तिला.

दुपारी शिंदेकाकूंचा फोन. आज त्यांच्याकडे हळदीकुंकू. "आईंनाही घेऊन या, अत्तरासकट. पण..." आणि थांबल्या. पण काय, ते मी विचारलं नाही.

सा.बा.ना जसंच्या तसं सांगितलं, 'पण' धरून. नको म्हणतात की काय, अशी धाकधूक. मग उठल्या आणि ऊदाच्या वासाचं तेच लुगडं काढलं.

"कुकवाचं मला काय न्हाई गं," म्हणाल्या. "पन गच्चीवर लई गार लागतं."

आता निघतोय. दोघी.