मुळापासून बरं केलेलं लग्न

मी, डॉ. सुप्रभा नोवित्स्की, माहेरची मुजुमदार, वय चौऱ्याहत्तर, राहणार कार्डिफ. भूलतज्ज्ञ म्हणून जन्मभर इतरांची शुद्ध हरपवली. माझी स्वतःची आज पूर्ण ठिकाणावर आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहिते. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक एकुलती मुलगी आर्या हिला.

कलम २. हे गाळा, असं वकील म्हणाले. मी ठेवते आहे.

माझे पती तादेउश पोलिश, कॅथलिक. १४ जुलै १९७९ रोजी आम्ही रजिस्टर लग्न केलं. चर्चची परवानगी घ्यायची तर मुलांच्या बाप्तिस्म्याचं वचन त्याला द्यावं लागलं असतं. मला ते मान्य नव्हतं. त्यामुळे चर्चच्या लेखी आमचं लग्न झालंच नाही. चाळीस वर्षं तो दर रविवारी मागच्या बाकावर बसला, प्रसाद न घेता; अशा लग्नात राहणाऱ्याला तो घेता येत नाही.

कर्करोग झाल्यावर म्हणाला, "सुप्रभा, चर्चमध्ये एकदा हो म्हण."

"एकदा म्हटलंय. पुन्हा म्हटलं तर पहिलं खोटं ठरेल."

त्याने परत विचारलं नाही. २०२२ मध्ये तो गेला आणि कपाटात बिशपचं पत्र सापडलं, वर लॅटिनमध्ये 'सानात्सिओ इन रादीचे'. जुनं लग्न, पुन्हा विधी न करता, पहिल्या दिवसापासून ग्राह्य. मी कोश काढून बसले. इंग्रजीत रॅडिकल सॅनेशन. जर्मनमध्ये 'हाइलुंग इन देर वुर्त्सेल', मुळाशी बरं करणं. पोलिशमध्ये मूळ नाही, 'झाव्यॉंझेक' आहे, म्हणजे नुकतं धरलेलं फळ. डॉक्टर म्हणून मला एकच विचारायचं होतं: आजार कोणता होता?

आर्याला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"आई, मीच त्याला चर्चला ड्राइव्ह केलं. बाबाला भीती वाटत होती. प्रीस्टनी विचारलं, तुझी मदर अजून या मॅरेजला हो म्हणते का? मी येस म्हटलं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नो म्हणाली असतीस."

तीन वर्षं मी तिच्या घरी जेवले नाही.

गेल्या महिन्यात ते पत्र शेवटपर्यंत वाचलं. 'पत्नीची संमती आजतागायत कायम.' आर्याची साक्ष खरी होती, हे येथे नोंदवते. मला विचारायला हवं होतं, हेही नोंदवते.

कलम ३. माझी रक्षा नाशिकला नेऊ नये. तादेउशच्या कबरीत ठेवावी. फादरनी प्रार्थना म्हटल्यास हरकत नाही. चर्चचं पवित्र पाणी शिंपडू नये.

कलम ४. आर्याला येत्या शनिवारी जेवायला बोलावलं आहे. हे मृत्युपत्र तिने मी जिवंत असताना, माझ्यासमोर बसून वाचावं.

सही: सुप्रभा नोवित्स्की

आम्हा दोघांच्या देखत सही झाली; आम्हाला यातून काहीही मिळणार नाही.
साक्षीदार: परीक्षित रानडे, नीना चिटणीस
कार्डिफ, १२ नोव्हेंबर २०२५