दिवा चालू, लाइन बंद

सोमवार, ३ मार्च १९९७

मेला सहदेव! सहा महिने शेजारच्या टेबलावर बसून माझा डबा खाल्ला, आणि आज मोठ्या साहेबांसमोर म्हणतो कसा — "लाइनची खबर देणारा भाग मी बनवलाय." मी! आमच्या एटीएम स्विचमधला तो सगळा भाग माझा आहे. पलीकडची लाइन मेली की स्विचने अलीकडे खबर पाठवायची, हिरवा दिवा घालवून लाल लावायचा. साहेब खूश. "शाब्बास सहदेव!" मी चहाचा कप धरून उभी.

आयत्या बिळावर नागोबा!

मंगळवार, ४ मार्च

जेवले नाही. आई म्हणते, "त्या मशिनीतून पैसं येतान ना गो? मग रडतेस कशाला?" अगं आई, ते बँकेतलं एटीएम! यातून नुसती माहिती जाते, बारीक तुकडे करून. कितीदा सांगू?

शनिवार, ८ मार्च

सापडलं! एकटीच टेस्टिंगला बसलेले. लाइनवर ट्रॅफिक वाढवत नेलं. फार गर्दी झाली की स्विच काही तुकडे टाकून देतो — आधी कुठले टाकायचे त्यांच्यावर खूण असते. आणि खबरेच्या तुकड्यांवरच ती खूण! मीच ठेवलेली, सप्टेंबरात, घाईघाईत. म्हणजे गर्दीत लाइन मेली तर खबर पोचतच नाही. दिवा आपला हिरवाच!

दुरुस्ती एका ओळीची. हात कीबोर्डवर गेलेला. मग काढून घेतला.

चोरलंस ना? मग चुकीसकट घे!

बुधवार, १२ मार्च

सहदेव आलेला. "मालू, शुक्रवारी कल्याणच्या पार्टीला डेमो आहे. सगळं ओके ना गं?"

"मला काय विचारतोस? तू बनवलंयस ना!"

हसला. कान मात्र लाल झाले. होऊ देत.

शुक्रवार, १४ मार्च

काय दिवस! पार्टीबरोबर विश्राम म्हणून एक म्हातारे इंजिनियर आलेले. "भरपूर ट्रॅफिक सोडा," म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने पलीकडची केबल उपटली. सगळे दिव्याकडे बघतायत. हिरवा. हिरवाच! "अहो, दिवा चालू नि लाइन बंद? आमच्या माणसाला कळायचं कसं?" सहदेव आपला बटणं दाबतोय. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. पार्टी चहा न घेता गेली.

मी मागे भिंतीला टेकून उभी होते. देवाशप्पथ सांगते, इतकं बरं वाटलं! येताना कोपर स्टेशनला उतरून कोलंबी घेतली. आईने कालवण केलं. तीनदा भात घेतला.

शनिवार, १५ मार्च

साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "हा भाग नक्की कुणी बनवला?" सहदेव मान खाली घालून म्हणाला, "मालूने." साहेब माझ्याकडे वळले — "खरं?"

नाही म्हटलं असतं तर सुटले असते. नाही म्हणवेना. "हो साहेब. माझाच आहे."