मोटार माझ्या मुठीत

३ फेब्रुवारी २०११, मन्नाएखेळ्ळी
विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवला. पेटीत सिमकार्ड. घरी बसून फोन लावायचा, एक दाबलं की शेतात मोटार चालू, दोन दाबलं की बंद. पेटी माझ्याशिवाय कुणाचाच नंबर मानणार नाही, हे मुद्दाम करून घेतलं. आजपासून जगदेवप्पा स्वतंत्र. सकाळी संतांची वचनं वाचणार, फिरायला जाणार, पोट कमी करणार.
बायकोनं, ईरम्मानं विचारलं, या वाफ्यातून त्या वाफ्यात पाणी कोण वळवायचं? म्हटलं, ते किरकोळ काम तू बघ. टेक्निकल बाजू माझी.

७ फेब्रुवारी
लाइट आली की पेटी आपणहून फोन करते. आज अंघोळीच्या वेळी केला. साबणासकट धावलो. ईरम्मा हसली. तिला मॅनेजमेंट कळत नाही.
फिरणं उद्यापासून. वाटेत रेंज जाते.

१२ फेब्रुवारी
मठात प्रवचन. ऐन शांततेत पेटीचा फोन. स्वामीजी थांबले. बाहेर पळत येऊन एक दाबलं. ईरम्मा म्हणते, तुमी त्या पेटीचे गडी झालाव. गडी? बटन कोण दाबतंय?

२० फेब्रुवारी, बीदर
मेव्हणे बसवंतप्पांच्या मुलीचं लग्न. पंगतीत पेटीचा फोन आला. स्पीकरवर टाकून सगळ्यांना ऐकवला. एक दाबलं. बसवंतप्पा म्हणाले, ‘दाजी, कमाल हाय तुमची!’
बायकांच्या पंगतीतून ईरम्मा उष्ट्या हातानं उठून आली. ‘आवो, पाणी कोण वळवायलंय? मी तर हितं हाय!’
लगेच दोन दाबायला गेलो. रेंज गेलेली. गच्चीवर चढलो, रस्त्यावर पळालो. शेवटी पानवाल्याच्या फोनवरून लावलं. पेटीनं ओळख दिली नाही. जिलेबी तशीच टाकून एसटी पकडली.

२१ फेब्रुवारी
काढणीला आलेला कांदा, दिवाळीपासून तिनं जपलेला, सगळा चिखलात. ईरम्मा वाकून एकेक कांदा उपसत होती. बोलली असती तर बरं झालं असतं. मीही उतरलो. दोष नेटवर्कचा.

२६ फेब्रुवारी
ईरम्मानं मेकॅनिकला बोलावून पेटीत तिचा नंबर घातला. माझा काढला. मीच म्हणणार होतो.

३ मार्च
ईरम्माचा मिस्ड कॉल आला. भाकरी घेऊन शेतात गेलो. तिनं माझ्या हातात खोरं दिलं आणि बांधावर बसून तिच्या मोबाइलवर एक दाबलं. पाणी आलं.
‘वळवा,’ म्हणाली.
वळवलं.