छपराखालची तिथी

९ मार्च
भिंतीवर पाठवलं मला! पाण्याच्या दरवाजांवर काम. आतल्या लोकांना समुद्राकडे बघायचीसुद्धा मनाई, म्हणून दरवाजांवर फक्त आम्ही बाहेरचे. केवढं ते पाणी — डोक्याच्याही वर! आणि खाली अख्खं शहर छपराखाली दिवे लावून भात शिजवतंय. माझं गाव याच पाण्याच्या तळाशी आहे. राग यायला हवा होता. नाही आला. बघतच राहिले.

१२ मार्च
जेवणघराची प्रमुख न्यानमावशी. महिनाअखेर तिनं माझं नाव वर पाठवलं की मी आतली. तक्रार केली की भिंतीबाहेर.

शेजारी बसणारी लुआताई चिमटा काढून म्हणाली, "थोआ, खाली मान घालून जेव. आणि गेलेल्यांचं नाव काढू नकोस हं!"

छपरामुळे इथे चंद्र दिसत नाही, आणि तिथी मोजायला बंदी. तिथी कळली की गेलेलं माणूस आठवतं, मग लोक बुडालेल्या गावांकडे निघतात म्हणे. मीही विसरायला शिकतेय. बरं जमतंय.

१५ मार्च
संपलं सगळं!

सकाळी पाणी दरवाजाच्या वरच्या कडीला लागलं. असं उधाण पौर्णिमेचंच. आमच्या चंद्रवर्षातल्या दुसऱ्या महिन्याची पौर्णिमा — बाबांची तिथी! दुपारी जेवायला बसले आणि हातांनी आपोआप दुसरं वाडगं मांडलं. भात, वर साखर करपवून शिजवलेला मासा, जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या. वर मोठ्यानं म्हटलं, "बाबा, या जेवायला."

न्यानमावशी आली.

"हे कुणाचं?"

"बाबांचं. आज पौर्णिमा."

"कुणी सांगितलं तुला?"

"पाण्यानं."

तिनं वाडगं उचलून नेलं.

१६ मार्च
अजून बोलावणं नाही.

१९ मार्च
भांडी घासताना लुआताई जवळ सरकली. "ए, गावांत पाणी शिरलं ती अमावास्या... पुन्हा कधी येते गं?"

"पुढच्या उधाणाला."

वाटलं रडेल. तर हसली! "माझी दोन्ही पोरं त्यात गेली. इतकी वर्षं दिवसच सापडत नव्हता मला."

मग आचारी येऊन तेच विचारून गेला. मग मीठ वाटणारी म्हातारी. मग ज्यांची नावंही मला माहीत नाहीत असे कितीतरी. सगळ्यांची एकच अमावास्या! मला वाटायचं, ही माणसं विसरली. एकही विसरलेलं नाही! अंगावर काटा आला, तो अजून जात नाही. समुद्र बघूनसुद्धा असं झालं नव्हतं.

२७ मार्च
पाणी चढतंय. लुआताई रोज नुसती भुवई उडवून विचारते. मी मान हलवते — अजून नाही. न्यानमावशी माझ्याकडे बघतही नाही.

अमावास्या
सकाळी न्यानमावशी स्वतः भिंतीवर आली. पहिल्यांदाच पाणी बघितलं तिनं. म्हणाली, "तुझी तक्रार केली नाही. नावही पाठवलं नाही. आतली झालीस तर इथून काढतील तुला. मग आम्हाला दिवस कोण सांगणार, बाळा?"

दुपारी प्रत्येकानं जादा वाडगी मांडली. न्यानमावशीनं तीन. बाकांवर कुठेच जागा नव्हती. मी दारात उभी राहून पोटभर जेवले.